अण्णाचं हसू

मंडळी, दुपारपासून कशातच जीव लागेना, म्हणून तुम्हाला सांगायलेय.

माझा मोठा भाऊ विनूअण्णा गोव्यात पोकरच्या स्पर्धा खेळतो. तोच त्याचा धंदा. मोठ्यानं हसणारा, समोरच्याला चिडवणारा म्हणून तो तिथं प्रसिद्ध आहे. आज त्याचा खेळ आई आणि मी भालकीत घरी बसून मोबाइलवर बघत होतो. पडद्यावर आम्हाला सगळ्यांचे पत्ते दिसत होते.

हातात फालतू पत्ते असताना अण्णानं सगळ्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या, पुढं ढकलल्या आणि खदखदून हसला. समोरच्या माणसानं खूप विचार केला आणि बादशहांची जोडी टाकून डाव सोडला. मी टाळ्याच वाजवल्या.

आईनं विचारलं, "एवढे चांगले पत्ते त्यानं कामून टाकले?"

"अण्णाच्या हसण्याला फसला, आई."

खेळाच्या मधल्या सुट्टीत अण्णाचा व्हिडिओ कॉल आला. आई म्हणाली, "बरा हाईस ना रे?"

"एकदम मजेत!" म्हणत तो हसला.

फोन ठेवून आई म्हणाली, "मघाशी बी त्यो असाच हसायलता."

मी अंगणात जाऊन परत फोन लावला. "अण्णा, खरं सांग."

 तो रडक्या आवाजात एवढंच म्हणाला, "आईला सांगू नको."

आता आई विचारायलीय, काय म्हणला त्यो? मी हसून "मजेत हाय" म्हणू का?