नणंदेच्या घराच्या भिंती

आपल्यासारखे बांधकामाचे ब्लॉक कुणी बनवत नाही, असं थोरल्या जावेचं ठाम मत होतं. खोटंही नव्हतं ते. पण धाकट्या जावेनं शेजारच्या आपल्या आवारात जुन्या इमारतींचा राडारोडा आणून भरडायला सुरुवात केली, त्या खडीचे स्वस्त ब्लॉक काढले, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांच्या पडक्या भिंतींवर हिनं नाव कमवायचं!

त्यात नणंदेनं घर बांधायला काढलं. "वहिनी, धाकटीच्या भावात देत असाल तर ब्लॉक तुमचेच. पहिला मान तुमचा."

थोरलीनं गुपचूप ट्रकभर राडारोडा मागवला. ब्लॉक काढायच्या आदल्या दिवशी धाकटी भरडलेल्या ढिगावर पाण्याची नळी सोडून ठेवते, हे तिनं कुंपणावरून पाहिलं होतं. धूळ बसवत असेल, दुसरं काय! नखरे नुसते. थोरलीनं कोरडीच खडी यंत्रात लोटली आणि पाणी नेहमीच्या मापानं घातलं. आता, जुनं काँक्रीट म्हणजे काही ताजा दगड नव्हे. ते तहानलेलं असतं, सिमेंटच्या वाट्याचं पाणी पिऊन टाकतं. विचारलं असतं तर धाकटीनं सांगितलं असतं. पण विचारायला जीभ रेटायला हवी ना!

नणंद आली ती धाकटीला घेऊनच. नणंदेनं ब्लॉक उचलला, तर कोपरा बिस्किटासारखा हातात आला.

"अगंबाई!"

"जाऊबाई, खडी भिजवली नव्हती का?" धाकटीनं हळूच विचारलं.

"तू नको शिकवूस मला. सिमेंटच भिकार लागलं."

"होतं असं. माझी पहिली खेप अशीच वाया गेली होती."

हा चांगुलपणा थोरलीला जास्तच झोंबला. भांडली असती तर निदान जिवाला बरं वाटलं असतं.

घराच्या भिंती धाकटीकडे गेल्या. नणंद ओशाळून म्हणाली, "वहिनी, कंपाउंड मात्र तुमच्या नेहमीच्या ब्लॉकचं. नाही म्हणू नका."

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. पण थोरलीच्या डोक्यात चक्रं फिरली. घर आत, कंपाउंड रस्त्यावर. येणाराजाणारा आधी काय बघणार?

"करते," ती म्हणाली. "पण त्याला गिलावा करायचा नाही. ब्लॉक दिसले पाहिजेत. आणि उंच घ्यायचं."

"किती उंच?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं.

"आतलं घर दिसणार नाही, इतकं."