रबियाचाचीने ओळखलेली बाटली

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. माणसाचं हृदय आणि फुफ्फुस कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझी उभी हयात गेली. तरी हे लिहितेय, आणि कुणी हसलं तरी एक शब्द मागे घेणार नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी मेडिकल कॉलेजात नवखी लेक्चरर. बुलढाण्याला छातीच्या रोग्यांचं शिबिर होतं. मेहकरकडच्या तिघांच्या फुफ्फुसात दुर्बीण घालून तुकडे काढले, तीन बाटल्यांत फॉर्मलीनमध्ये ठेवले. आणि चिठ्ठ्या कशाने लिहिल्या? दौतीच्या शाईने! फॉर्मलीन सांडलं, नावं धुऊन गेली. चूक आमचीच.

तिघांना कॉलेजच्या इस्पितळात आणलं; तिथे तपासताना एका तुकड्यात कॅन्सर निघाला. पण कुणाच्या? आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, करीमचाचाच्याच. चाचा पिंजारी, जन्मभर कापूस पिंजून खोकणारा, तिघांत जास्त खंगलेला. उद्याच त्याचं एक फुफ्फुस काढायचं ठरलं. आधी पुन्हा दुर्बीण घालायची तर लागोपाठ दोनदा भूल द्यावी लागेल, तो टेबलावरच जाईल, म्हणाले. बाकी दोघांचे तुकडे परत काढणं त्यांना नसता व्याप वाटत होता.

व्हरांड्यात चाचाची बायको, रबियाचाची, बसली होती. मीही मेहकरचीच, ती मला लहानपणापासून ओळखायची. तिच्याशी खोटं बोलवेना, सगळं सांगून टाकलं. तिने बाटल्या बघायला मागितल्या. एकेकीवर तळवा टेकवला – दमेकऱ्याच्या पाठीवर टेकवतात तसा – आणि मधली उचलली.

"हा त्याचा."

"कशावरून, चाची?"

"तीस वर्षं झाली, त्याच्या पाठीले तेल चोळून राह्यली मी. त्याचा दम मले समजते."

तुकड्याला कसला आलाय दम! मी चिडले. तिन्ही तुकडे एकसारख्या नव्या बाटल्यांत घातले, बुडाला खूण केली, वरून कागद गुंडाळला. तिला पाठमोरी बसवून जागा बदलल्या. तीनदा. तिन्ही वेळा तिने तोच तुकडा उचलला, आणि त्यात कॅन्सर नव्हता.

मी सरांना सांगितलं, बाकी दोघांचे तुकडे परत काढल्याशिवाय त्या रिपोर्टवर चाचाचं नाव मी घालणार नाही, नोकरी गेली तरी. बरंच बोलून घेतलं त्यांनी. शेवटी काढले. कॅन्सर त्यातल्या एकाला निघाला, त्याचं ऑपरेशन वेळेत झालं. चाचा पुढे अकरा वर्षं खोकत खोकत कापूस पिंजत राहिला.

रजिस्टरात मी लिहिलं – 'तुकड्याची ओळख रोग्याच्या पत्नीने पटवली.' सर म्हणाले, खोडा. मी म्हटलं, झालं तेच लिहिलंय. प्रमोशन चार वर्षं अडलं. अडलं तर अडलं.

योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, मला ते पटत नाही. चमत्कार म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. त्यानंतर हजारो फुफ्फुसं माझ्या हातांखालून गेली. कितीदा तरी, कुणी बघत नसताना, डोळे मिटून बाटलीवर तळवा टेकवलाय... गार काच लागते, बाकी काही नाही. चाचीच्या हाताला काय लागलं, मला ठाऊक नाही.

पण ती ओळ मी खोडली नाही. खोडणारही नाही.