कातळाखालची जागा

परदेशी मंडळी तिला ताई म्हणत, कारण तेच तिचं नाव आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. तिचा धाकटा भाऊ मिनीबस चालवायचा आणि दर वळणावर "ताई, इथून घेऊ का?" असं विचारायचा. ते ऐकून ऐकून पाहुण्यांनीही तेच उचललं. तिने कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. कारखान्यातल्या, तिच्याहून कितीतरी मोठ्या आणि टक्कल पडलेल्या साहेबाने "ताई, मी आली" म्हणत बसमध्ये चढावं आणि तिने हसू दाबत "या, बसा" म्हणावं, हे ठरलेलंच.

मुळात ती परदेशी लोकांना मराठी शिकवायची. बँकेच्या वरच्या मजल्यावर तिचा वर्ग भरायचा. नोकरीपायी या शहरात येऊन राहिलेली माणसं तिथे यायची: इंजिनिअर, नर्स, शाळेतला संगीतशिक्षक. एकदा तिने "सुट्टीच्या दिवशी काय केलंत?" असं विचारलं, तर एकजात सगळ्यांनी कपडे धुतले होते. इतकी वर्षं इथे काढून त्यांनी पाहिलं काय, तर ऑफिस, फ्लॅट आणि मधला रस्ता. ताईच्या ते मनाला लागलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "आपल्यात राहायला आलेल्या माणसाला आपण साधा डोंगरसुद्धा दाखवू नये, हे बरं दिसतं का?"

नवरा छापखान्यात कामाला, बोलणं मोजकंच. तो म्हणाला, "मग दाखव की."

तिथून सहली सुरू झाल्या. धबधबे, लेणी, धरण, जंगलातल्या पायवाटा. पण ताईची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे एका डोंगराच्या कुशीतली कपार. वर काळा कातळ छतासारखा पुढे आलेला, खाली दहा-पंधरा माणसं ऐसपैस बसतील एवढी सपाट जागा, गार सावली आणि समोर सगळी दरी उघडी. नव्या माणसाला ती तिथे न्यायचीच. वडील थकले तेव्हा हट्टाने त्यांनाही हात धरून तिथवर नेलं होतं. लेक तर त्या कातळाखाली रांगायला शिकली म्हटलं तरी चालेल. "डोळे बांधून सोडलंत तरी मी तिथे पोचेन," असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

त्या दिवशीही तिथेच जायचं होतं. आभाळ स्वच्छ, हवा छान. फक्त बसमध्ये तक्रारबाई होती. हे नाव भावाने ठेवलेलं. ती औषधांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होती, आणि तिला काही म्हणजे काही पसंत पडायचं नाही. सीट कडक, चहा कोमट, खिडकी नीट लागत नाही, लोक फार बोलतात. त्या दिवशी तर सकाळपासूनच तिचं तोंड फुगलेलं होतं. संगीतशिक्षकाने तिला बिस्कीट पुढे केलं तर तिने नुसती मान फिरवली.

कपारीत पोचल्यावर सतरंज्या अंथरल्या गेल्या, डबे उघडले. ताई पहिला घास तोंडाशी नेणार, तोच तक्रारबाई उठून उभी राहिली.

"इथे वास येते," ती म्हणाली. "वटवाघूळ. मी इथे जेवणार नाही. मी खाली ओढ्यावर जाते."

ताईने हुंगून पाहिलं. कसलाही वास नव्हता. "अहो, खाली ऊन आहे. दगडधोंडे आहेत. बसा ना."

"नाही."

डबा छातीशी धरून ती उतरायला लागलीसुद्धा. ताई मनातल्या मनात चरफडली. पण वाटेत कुणाला एकटं सोडायचं नाही, हा तिचा पहिल्यापासूनचा दंडक. तिने सगळ्यांना उठवलं. कुणी हसलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या, संगीतशिक्षक अर्धी पोळी हातात धरूनच निघाला. भाऊ मात्र चांगलाच वैतागला. "एका बाईसाठी अख्खी पंगत हलवायची?" असं पुटपुटत तो मागे राहिला आणि पाण्याचा मोठा कॅन उचलून शेवटी खाली आला. एक सतरंजी त्याने रागाने वरच सोडली.

त्याने कॅन खाली ठेवला आणि आवाज झाला.

आधी नुसतं काहीतरी तडकल्यासारखं. मग पायाखालची जमीन हादरली. ताईने वर पाहिलं, तर कातळाचं ते छत जागेवर नव्हतं. ते खाली बसलं होतं, सबंधच्या सबंध. धुळीचा लोट दरीत पसरला आणि काही क्षण कुणाला कुणी दिसेना.

धूळ विरली तेव्हा सगळे होते तिथेच, होते तसेच. संगीतशिक्षकाचा घास हातातच होता. नर्स तोंडावर हात दाबून उभी. भावाचा चेहरा पांढराफटक, आणि हात अजून कॅनच्या कडीवर. ताईने माणसं मोजायला सुरुवात केली, पण तिला आकडेच आठवेनात. ती एकेकाच्या खांद्याला हात लावत फिरली. तक्रारबाईच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्या बाईने तो घट्ट धरून ठेवला. कोण कुणाला धीर देणार? वर, सतरंजीच्या जागी, बसएवढा दगड पडला होता.

परतीच्या वाटेत भावाने एकदाही "ताई, इथून घेऊ का?" असं विचारलं नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, "कशी झाली सहल?"

"चांगली झाली," ताई म्हणाली आणि पायपुसण्यावरच खाली बसली. त्याने पाणी आणून दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. "बाबांना तिथे बसवलं होतं मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "आपल्या पोरीला त्याच्याखाली झोपवलं होतं. मला वाटायचं, ती जागा मला कळते."

दुसरा धक्का पुढच्या वर्गात बसला. टेबलावर फुलं होती. साहेबाने उभं राहून सांगितलं की ताईने वेळीच उठवलं म्हणून आपण सगळे वाचलो, ताईला डोंगर बोलतो. कधी न पाहिलेली माणसंही तिच्याबरोबर सहलीला यायला नावं द्यायला आली होती.

"मी नाही वाचवलं," ताई म्हणाली. "मी तर तिथेच बसा म्हणत होते. तुम्ही ऐकलंत ना?"

सगळे कौतुकाने हसले. केवढा हा विनय, असे भाव प्रत्येकाच्या तोंडावर. तक्रारबाई वर्गाला आलीच नव्हती.

ताई तिचा पत्ता शोधत तिच्या फ्लॅटवर गेली. दोन आठवडे कुलूपच होतं, मग एकदा बाईने दार उघडलं. आत पडदे ओढलेले, टेबलावर न धुतलेले कप. ताईने उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. "तुम्हाला त्या दिवशी वास आला म्हणून आम्ही आज आहोत. मी मनातून तुम्हाला शिव्या घालत होते. आभार कसे मानू, कळत नाही."

बाई म्हणाली, "वास नव्हता."

ताईला वाटलं, भाषेचा घोटाळा झाला. "म्हणजे?"

"वटवाघूळ नव्हता. मी खोटं बोलले." ती शब्द जुळवत राहिली. "सकाळी फोन आला. घरून. माझी आई गेली. विमान दुसऱ्या दिवशी होतं. घरात एकटी बसू शकत नव्हते, म्हणून बसमध्ये आले. तिथे, वर, सगळे हसत होते आणि मला रडू येत होतं. लोकांसमोर कशी रडू? म्हणून वास म्हणाले. मला वाटलं, मी एकटी जाईन. तुम्ही सगळ्यांना घेऊन आलात."

ज्या बाईला ताई दिवसभर मनात टोचून बोलत होती, ती शेजारी बसून आईचं दुःख गिळत होती, आणि एवढ्या माणसांत कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ताईने पदर खोचला, कप उचलले आणि धुवायला घेतले. काय करावं ते न सुचल्यावर माणूस हाताला येईल ते करतो, तसं.

"त्या दिवशी मेले असते," बाई मागून म्हणाली, "तर बाबांना एकाच आठवड्यात दोन फोन गेले असते. विमानात मी हाच विचार करत होते."

ताईने नळ बंद केला. "आई कशा होत्या तुमच्या?"

बाई पहिल्यांदाच जरा हसली. "फार कटकट करायची. चहा कोमट झाला की घर डोक्यावर घ्यायची." आणि मग रडली, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. ताई ओल्या हातांनी तिला धरून उभी राहिली.

पुढे भावाला घेऊन ताई वन खात्याच्या कचेरीत गेली आणि ती पायवाट बंद करवून आली. बरेच दिवस ती सहलीचं नाव काढेना. घरातही छताकडे बघत बसायची. नवरा तिच्याजवळ येऊन बसायचा. शेवटी भावानेच बस धुऊन दारात आणून उभी केली. "जवळच जाऊ," तो म्हणाला. "नदीकाठी. वर फक्त आभाळ."

गेले. तक्रारबाई ताईच्या शेजारच्या सीटवर होती आणि खिडकीबद्दल कुरकुरत होती. नदीच्या वाळूत सतरंज्या पसरल्यावर नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, इथे धोका नाही ना?"

पूर्वीची ताई चटकन "छे, मुळीच नाही" म्हणून मोकळी झाली असती. आता तिने आधी पाण्याकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं.

"मला वाटतं, नाही," ती म्हणाली. "पण मला सगळंच कळतं असं नाही. तुम्हाला कुणाला काही खटकलं, तर लगेच सांगा. कारण नाही सांगितलंत तरी चालेल."

मुलगी जराशी घाबरली, पण बसली. ताईने डब्याचं झाकण काढलं. तिने पोळी मोडली, अर्धी तक्रारबाईच्या हातावर ठेवली आणि जेवायला लागली.