हवेतला बांबू

सकाळी फिरून येताना मी घोड्यांच्या मैदानाशी थांबलो. एका कोवळ्या, तांबूस घोडीला उडी शिकवत होते. आडव्या बांबूवरून ती अगदी स्वच्छ गेली. पण ती हवेत असतानाच ट्रेनरनं बांबूचं टोक वर उचललं. बांबू तिच्या नडग्यांवर खाडकन बसला.

"अहो, चुकलं कुठे तिचं?"

"कुठेच नाही, काका. पण तिला वाटलं पाहिजे, आपणच कमी पडलो."

माझी लेक पोहायची, तेव्हा काठावर घड्याळ घेऊन मी बसायचो. दर वेळी दोन सेकंद वाढवून सांगायचो. आज ती तिशीची आहे. अजूनही फोनवर आधी 'सॉरी बाबा' म्हणते.

पुढच्या फेरीत घोडी बांबूच्या हातभर वरून गेली.

मी टाळ्या वाजवल्या.