बाटलीतलं पाणी

सोलापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे, आणि रिपोर्ट वेळेत गेलाच पाहिजे हे माझं वेड. म्हणून त्या दिवशी आमच्या डॉक्टर मॅडम कागदावर सही करेनात तेव्हा मी मनातून चांगलाच चरफडलो.

वैरागच्या एका बाईंच्या स्तनातली गाठ होती. तपासायचा होता इस्ट्रोजेन रिसेप्टर. पेशीच्या केंद्रकातलं हे प्रथिन. ते घडवणारं जनुक आपल्या सगळ्यांत असतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक येऊन चिकटलं की हे प्रथिन वाढीचे हुकूम सोडतं, आणि काही कॅन्सर त्याच हुकमांवर पोसले जातात. तसं असेल तर ते हुकूम अडवणारी गोळी बाईंना मिळणार होती. नसेल तर त्या गोळीचा उपयोगच नाही. तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवला की, रिसेप्टर असला तर केंद्रकं तपकिरी दिसतात, नसला तर निळी. आमची काच सगळी निळी होती. मी 'निगेटिव्ह' टाइप करून मोकळा झालो होतो.

मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "गाठीशेजारची ही दुधाची निरोगी नळी बघ. हिच्यात तरी थोडी तपकिरी केंद्रकं हवीत ना? हीसुद्धा निळीच. मग या निकालावर विश्वास कसा ठेवायचा?" इतकी वर्षं मी अशा काचा बघतोय, पण शेजाऱ्याची साक्ष काढायचं मला कधी सुचलं नाही. त्यांचं कौतुक वाटलं आणि स्वतःचा रागही आला.

ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा बाटलीतून लॅबला आणून देणारा बाईंचा भाऊ आज रिपोर्टसाठी बहिणीसोबत बाहेर बाकावर बसला होता. मॅडमनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि जराही न खडसावता बाटली कशी आणली ते विचारलं. तो म्हणाला, एसटीत तुकडा बुडवलेल्या औषधाच्या वासानं लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, कंडक्टर खाली उतर म्हणाला. म्हणून पुढच्या थांब्यावर त्यानं औषध ओतून दिलं आणि नळाचं स्वच्छ पाणी भरलं. रात्रभर पाहुण्यांकडे बाटली तशीच होती. नुसत्या पाण्यात तुकडा खराब होतो आणि त्यातला रिसेप्टर नाहीसा होतो. त्या सकाळी लॅबमध्ये ती मीच घेतली होती, आणि आत औषधाचा वास येतो का ते न बघताच वरून तेच औषध, फॉर्मॅलिन, ओतलं होतं. हे मी बोललो नाही.

बाईंच्या गाठीतून आधी सुईनं काढलेला, फॉर्मॅलिनमध्ये नीट टिकवलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात आमच्याच कपाटात होता. मॅडमनी त्यावर तपासणी पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या दिवशी काच तपकिरी ठिपक्यांनी भरून गेली. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

मॅडमनी दोघांना निकाल सांगितल्यावर भावानं बाकावर बसून मान खाली घालून बहिणीला सगळं सांगितलं. "ताई, पानी मीच बदललं. माज्यामुळं तुजी गोळी हुकली असती."

तिनं पदरानं त्याचंच तोंड पुसलं. "मिळाली न्हवं? मंग झालं की."

हे ऐकून मी उठलो, मॅडमच्या खोलीत गेलो आणि बाटलीचा वास न घेतल्याचं सांगून टाकलं.