संशयाचा फायदा

माझा मावसभाऊ नांदेडला एका मेडिकल दुकानात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी खुनांचे पिक्चर बघतो. हिंदी असावा, एकामागून एक खून करणारा कुणीतरी असावा आणि त्याच्या मागावर एक पोलीस असावा, एवढं असलं की त्याला नटनट्या कोण आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. लोकांना हे विचित्र वाटतं. कारण त्याच्या स्वतःच्या आईचा खून झालेला आहे.

मावशी लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका गावात राहायची. काका आधीच गेलेले. ती रोजानं दुसऱ्याच्या रानात जायची. सोयाबीनच्या सुगीत एका दुपारी बाकीच्या बाया लिंबाखाली जेवायला बसल्या, ही घागर घेऊन विहिरीकडे गेली आणि परत आली नाही. सापडली तेव्हा गळा आवळलेला होता. कानातली सोन्याची फुलं नव्हती. आजोबांनी दोघी बहिणींना सारखीच फुलं केली होती. तसलीच आईच्या कानात आहेत.

त्या भागात आणखी दोघी अशाच गेल्या होत्या. पुढे पोलीस ठाण्यातल्या एका जमादारानं माणूस पकडला. मळणीयंत्राबरोबर या रानातून त्या रानात फिरणारा मजूर. मी त्याला कोर्टात पाहिलं. पाहून काहीच वाटलं नाही, एवढा तो साधा होता. शर्टाची बटणं नीट लावलेली, केसांना तेल. त्यानं पोलिसांसमोर तिघींचंही कबूल केलं होतं, पण ते कोर्टात धरत नाहीत. एकीचं मंगळसूत्र त्याच्या घरात सापडलं होतं, तिच्या खुनात त्याला जन्मठेप झाली. मावशीची फुलं त्यानं विकली होती, ती सोनारानं वितळवून टाकली होती. आई साक्षीला उभी राहिली, मान वळवून स्वतःचे कान दाखवले. पण जी फुलं उरलीच नव्हती ती कुणाची होती, हे कसं ठरवणार? मावशीच्या खटल्यात तो संशयाचा फायदा मिळून सुटला. म्हणजे कागदावर मावशीला कुणीच मारलेलं नाही.

आई कोर्टाबाहेर आली. चपला घातल्या. म्हणाली, "नांदेडची गाडी कितीला हाय?"

मावशीच्या जलदानविधीनंतर आई भाच्याला आमच्याकडे घेऊन आली होती. तो नांदेडलाच वाढला. शांत पोर. कधी रडलेला मला आठवत नाही, आणि मीही त्याच्यासमोर कधी रडले नाही. आमच्या घरात ती एक रीतच पडून गेली.

मागच्या वर्षी त्यानं मला आग्रह करून पिक्चरला नेलं. मी शाळेत शिकवते, दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. पिक्चरमधला खुनी देखणा होता, गोड आवाजात बोलायचा. पोलीस सिगारेटी ओढायचा. त्याची बायको त्याला सोडून गेली होती. त्यानं भिंतीवर सगळ्या मेलेल्या बायकांचे फोटो लावले होते. बायका पडद्यावर यायच्या, चार शब्द बोलायच्या आणि मरायच्या. पहिली मेली तेव्हा मी भावाकडे पाहिलं. तो पॉपकॉर्न खात होता.

इंटरव्हलमध्ये मी विचारलं, "तुला काही होत नाही का रे हे बघून?"

"काय व्हायलंय? पिक्चर हाय."

शेवटी पोलिसानं खुन्याला पुलावर गाठून गोळी घातली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग तो पोलीस एका मेलेल्या बाईच्या मुलीच्या घरी जातो आणि सांगतो, संपलं. एवढंच सांगतो. दिवे लागले, लोक उठले. भाऊ जागेवरच बसून होता.

गाडी काढताना तो म्हणाला, "आक्का, आपले जमादार जिवंत असतील का?"

जमादार जिवंत होते. रिटायर होऊन औशाला राहत होते. आईला सांगून आम्ही एका रविवारी निघालो. लातूरला गाडी बदलली. रस्ताभर तो खिडकीबाहेर बघत बसला, मी डोळे मिटून बसले. घर विचारत गेलो. जमादारांना साखर झाली होती, एका पायाची बोटं काढलेली होती. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा हातातला पेपर बाजूला ठेवला.

"फुलांची केस," ते म्हणाले. "तू त्या बाईचा पोरगा का?"

"हाव."

 आत त्यांच्या सूनबाई कुकर लावत होत्या.

"साहेब, त्यानंच केलं का?" भावानं विचारलं.

"त्यानंच केलं. मला जागा दाखवली त्यानं, कुठं उभा होता, कुठून आला. मी काय करू? कोर्टाला फुलं पाहिजे होती. सोनाराकडं मी एक दिवस आधी गेलो असतो तर…" ते थांबले. "न्हाई गेलो. दुसऱ्या बंदोबस्तात होतो."

भावानं मान हलवली. मग म्हणाला, "ती ओरडली होती का?"

जमादारांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाई बाळा. लई लवकर झालं. तिला कळलंबी नसंल."

मावशीला शेवटची आंघोळ घातली होती आईनं. घरी आल्यावर ती एवढंच बोलली होती की मावशीच्या नखांतली माती काही केल्या निघत नव्हती. हे भावाला कुणी सांगितलेलं नाही. मी समोर आलेला चहाचा कप उचलला आणि प्यायला लागले. चहा गोड होता, त्या घरात एवढी साखर कुणासाठी आणत असतील, असला काहीतरी विचार माझ्या डोक्यात चालला होता.

निघताना भावानं जमादारांच्या गोळ्या बघितल्या. एक गोळी ते जेवणानंतर घेत होते. "ही जेवायच्या आधी घ्यायची, साहेब," म्हणाला आणि सूनबाईंनाही परत समजावून सांगितलं. जमादार त्याचा हात धरून दारापर्यंत लंगडत आले. 

गाडीत औसा मागे पडल्यावर तो म्हणाला, "खोटं बोलले ना ते?"

"कोणतं?"

"कळलं नसंल म्हनले ते."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. मला माहीत होतं.

"चांगला माणूस हाय," तो म्हणाला, आणि लातूर येईपर्यंत झोपला. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी खांदा हलवला नाही. मला आतून काहीतरी भरून यायला हवं होतं, मी वाट पाहिली. आलं नाही. समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी बाण आणि बदाम कोरला होता, तो बघत राहिले.

घरी पोचलो तर आई भाकरी करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय म्हनले?"

"त्यानंच केलं म्हणाले."

"ते तर म्हाईतच हाय." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "चहापाणी केलं का त्यांनी?"

"केलं," भाऊ म्हणाला, आणि हातपाय धुवायला मोरीत गेला.