दोन्या एर्मेलिंदाची अकरा कलमं

दोन्या एर्मेलिंदाला, म्हणजे शेजारच्या एर्मेलिंदाबाईला, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या डोक्यावर होती. म्हणजे मेर्सेदेस गावात मी भाड्याने घेतलेल्या घराच्या परसात वाळुंजाचं झाड आहे, त्यावर, जमिनीपासून साधारण ऐंशी फूट उंच. पुढे मोजलं तेव्हा सात फूट भरले, पण खांद्यावर गादी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते ऐंशीच वाटतात. वय शहात्तर, उंची एखाद्या दुधाच्या बरणीपेक्षा थोडी जास्त, पायात घरातल्या सपाता आणि हातात अशी कात्री की तिने बैलाची शिंगं कापावीत.

"शेजारी," वरून आवाज आला, "तुमच्या झाडाची चोरी चाललीय. घाबरू नका, पाच मिनिटांत उरकते."

"अहो, खाली उतरा! पडाल!"

"पडले तर तुमच्या गादीवर पडेन. जरा डावीकडे सरका."

मी सरकलो. त्याला आता सहा वर्षं झाली. एवढ्या काळात दोन्या एर्मेलिंदाने सरका म्हटलं आणि मी सरकलो नाही, असं घडलेलं नाही.

तिला हव्या होत्या वाळुंजाच्या कोवळ्या, पिवळट फांद्या. त्यांचे बोटभर तुकडे करायचे, त्यांवर गरम पाणी ओतायचं, दिवसभर मुरवायचं. त्या पाण्यात कसलीही फांदी ठेवा, मुळं फुटतात असं तिचं म्हणणं. आणि तिची फांदी असायची गांजाची.

यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्याकडे कायदा झाल्यापासून घरात सहा झाडं लावता येतात, टपाल कचेरीत जाऊन नाव तेवढं नोंदवायचं. दोन्या एर्मेलिंदा पहिल्याच आठवड्यात गेली, मयताला घालायचा काळा कोट घालून. खिडकीतल्या पोरीने विचारलं, "स्वतःसाठी का, आजी?"

"मुलासाठी."

"मग मुलानं यायला हवं."

"तो समुद्रापार माजोर्काला असतो. बाराएक वर्षं झाली."

"मग झाड इथे कशाला?"

"तिथे त्याला गॅलरी नाही," दोन्या म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

ती स्वतः ओढत नाही. एकदाच ओढून पाहिलं होतं, तेव्हा बंद रेडिओसमोर तीन तास बसून राहिली आणि कार्यक्रम चांगला होता म्हणाली.

गोष्ट अशी. बँकांना कुलपं लागली त्या साली तिचा एकुलता एक लिओनेल चोवीस वर्षांचा होता. काम नव्हतं. एक बॅग घेऊन तो निघाला. निघताना कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवलेली एक कुंडी आईला दाखवली. "आई, याला पाणी घालत जा. वर्षभरात येतोच."

तेव्हा हे झाड सापडलं तर तुरुंग. दोन्याने ते टोमॅटोच्या वेलांत लपवलं. एकदा फौजदार अंडी न्यायला आला आणि त्याने बोट दाखवून विचारलं, हे काय? "कोंबड्यांचं औषध," ती म्हणाली. "आणि गुण?" फौजदाराने विचारलं. "बघा ना, किती शांत आहेत." फौजदार डझनभर अंडी घेऊन गेला.

पण हे झाड वर्षाचंच असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. एप्रिलात त्याला फुलोरा आला, मग पानं पिवळी पडू लागली. लिओनेल काही आला नव्हता. तिने घाबरून खालची एक हिरवी फांदी कापली आणि जिरेनियमची लावतात तशी पाण्याच्या पेल्यात उभी केली. मुळं फुटली. तेव्हापासून दरवर्षी तेच. हिवाळ्यात न्हाणीघरात दिव्याखाली एक झाड जगवायचं, वसंतात त्याच्या फांद्या कापून नवी झाडं करायची. तिच्या घरी आंघोळीला गेलेला पाहुणा झाडाकडे पाठ करूनच अंग पुसतो.

"बियांतून येतं ते पोर," ती मला समजावायची. "कलमातून येतं ते तेच झाड. लिओनेलने हात लावला होता ते हेच, शेजारी. याचा वास त्याच्या शर्टाला यायचा. मी ओरडायची. आता बघा."

दर रविवारी दुपारी फोन यायचा. ती तो न्हाणीघरातच घ्यायची, टबाच्या काठावर बसून. लिओनेल म्हणायचा, यंदा येतो. ती म्हणायची, ये, तुझं झाड बरं आहे. दोघांपैकी एकाचं म्हणणं दरवेळी खरं असायचं.

मी येऊन तिसरं वर्ष चालू असताना फोनवर तिकिटाचं चित्र आलं. जानेवारीची सहा तारीख. दोन्याने ते मला दाखवलं, पावाच्या दुकानात दाखवलं, पाद्र्याला दाखवलं, आणि पाद्र्याने चुकून बोट लावून ते पुसलं तेव्हा परत मागवून घेतलं.

आणि त्याच ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, न्हाणीघरातल्या झाडाची मुळं सडली.

सप्टेंबरअखेर झाडावर जिवंत म्हणाव्यात अशा अकरा फांद्या उरल्या. खोड खालून काळं. आता यातली एक तरी लागली नाही तर लिओनेलचं झाड संपलं. दुसरं कुठून आणायचं? दुकानात मिळतं ते दुसऱ्या कोणाच्या तरी लिओनेलचं.

दुकान विल्मारचं. बियाणं, खतं, मांजराचं खाणं आणि मुळं फुटायची औषधं. विल्मार एवढा लठ्ठ आहे की गल्ल्यामागे त्याला बसवून मग दुकान बांधलं असावं. तो स्वतःच्या पायाने पावडरची डबी आणि जेलची बाटली घेऊन आला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

"दोन्या, ऐका माझं. वर्ष वाया घालवू नका. देठ तिरका कापा, पावडरीत बुडवा, मातीत खोचा. शास्त्र आहे हे."

"जाड्या, तुझ्या डबीवर कवटीचं चित्र आहे."

"ते खाऊ नका म्हणून आहे!"

"मग झाडाने का खावं? पंधरा वर्षं मी मसुराचं पाणी दिलं, वाळुंजाचं दिलं, कोरफडीचा गर लावला, दालचिनी लावली. एकदा मध लावला."

"मग काय झालं?"

"मुंग्या झाल्या. पण झाड जगलं."

शेवटी ठरलं की चार फांद्या मोड आलेल्या मसुराच्या पाण्यात ठेवायच्या आणि सात वाळुंजाच्या. विल्मारची डबी कपाटात, साखरेपासून लांब. वाळुंजाची साल यंदा तिने रात्रभर गरम राहावी म्हणून थर्मासात भिजत घातली.

थर्मासात. आमच्या देशात! जिथे माणूस बाळाला एका काखेत आणि माते नावाच्या आमच्या चहाच्या पाण्याचा थर्मास दुसऱ्या काखेत घेऊन फिरतो आणि गर्दीत धक्का लागला तर आधी थर्मास सावरतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्मार आणि मी मदतीला गेलो. दोन्या न्हाणीघरात फांद्या कापत होती. टेबलावर थर्मास होता. थर्मास दिसला की आमच्याकडे कोणी विचारत नाही. मी भोपळ्याच्या वाटीत मातेची पानं भरली, नळी खोचली, पाणी ओतलं, प्यालो. विल्मारला दिली. तो प्याला. पाणी कोमट होतं, पण शेजारणीच्या पाण्याला नावं कोण ठेवणार? आणि माते मुळातच कडू. कडू लागलं म्हणून शंका यायचं कारण नव्हतं. आम्ही फुटबॉलवर बोलत होतो. तिसऱ्या फेरीला विल्मार म्हणाला, "काल डोकं दुखत होतं, आता एकदम हलकं वाटतंय."

दोन्या ओल्या वर्तमानपत्रात फांद्या गुंडाळून बाहेर आली. तिने वाटीकडे पाहिलं, मग थर्मासाकडे. तो उचलून हलवला. आतून सालींचा कोरडा खुळखुळ आवाज आला.

"सगळं प्यालात?"

मला वाटलं ती रडणार. विल्मार खुर्चीत जमेल तेवढा लहान झाला. "दोन्या, मी आत्ता नवीन करतो. झाडावर चढतो."

"तू चढलास तर झाड घरावर येईल आणि शेजाऱ्यांना घरभाडं परत मागावं लागेल. आणि मुरायला एक दिवस लागतो. या कापून झाल्यात. या उद्यापर्यंत थांबतील?"

मग ती खाली बसली आणि हसायला लागली, डोळे पुसत. "आता तुम्हा दोघांना मुळं फुटणार. बसा इथेच, हलू नका." आणि जरा वेळाने, वर्तमानपत्राची घडी नीट करत, म्हणाली, "लिओनेल गेला त्या दिवशी विमानतळावर हे पाणी न्यायला हवं होतं मी. एक वाटी पाजली असती त्याला."

मग तिने स्वतःच कपाटातून कवटीची डबी काढली.

सातही देठ पावडरीत बुडले. प्रत्येक देठ बुडवताना ती तोंड फिरवत होती. रिकाम्या दह्याच्या पेल्यांत माती भरून ते खोचले, वर पिशव्या बांधल्या, आणि पेले न्हाणीघरात गेले. मसुराच्या पाण्यातल्या चार फांद्या आठवड्यात कुजल्या. त्यांचा वास असा की पाव द्यायला आलेला माणूस तो उंबऱ्यावर ठेवून गेला. पावडरीतल्या एकेक पिवळ्या पडल्या. बाराव्या दिवशी तीन होत्या, पंधराव्या दिवशी एक. दोन्या रोज पेला दिव्यासमोर धरायची. रविवारी लिओनेलने विचारलं, झाड कसं आहे? "बरं आहे," ती म्हणाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच खोटं.

एकोणिसाव्या दिवशी तिने कुंपणावरून एवढ्या मोठ्याने हाक मारली की मी दाढी अर्धी ठेवून पळालो. पारदर्शक पेल्याच्या तळाशी, मातीला चिकटून, एक पांढरी मऊ रेघ होती. शेवयांतल्या सगळ्यात बारीक शेवईएवढी.

"बघा," ती कुजबुजली. "तोच."

विल्मार धापा टाकत आला आणि म्हणाला, "मी काय म्हणत होतो? शास्त्र!"

"कसलं शास्त्र? या एकाला मी आधी गुपचूप कोरफड लावली होती."

हा वाद मेर्सेदेसमध्ये अजून मिटलेला नाही.

जानेवारीच्या सहा तारखेला लिओनेल आला. एकोणचाळीस वर्षांचा, डोक्यावरचे केस माजोर्काला ठेवून आलेला, बोलताना स्पॅनिश लोकांसारखे जिभेचे फुसके आवाज काढणारा. दोन्याने त्याला दारातूनच परसात नेलं. झाड त्याच्या कमरेएवढं झालं होतं. त्याने पान चुरगळून बोटांचा वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, मी कुंपणामागून दोघांकडे.

"हे ते नाहीच, आई," तो म्हणाला. "म्हणजे असेल. मला आठवत नाही."

"शर्टाला यायचा तो वास."

"हो का?"

तो तिथे बस चालवतो. दर काही महिन्यांनी तपासणी होते, त्यामुळे एक झुरकाही घेता येत नाही. आईने केलेला माते मात्र तो दिवसभर प्यायचा, परसात झाडाशेजारी खुर्ची टाकून. बोलणं फारसं व्हायचं नाही. ती पाणी ओतायची, तो वाटी परत द्यायचा. नवव्या दिवशी तो गेला.

एप्रिलात झाड कापलं. वाळवताना दमट हवेने अर्ध्या फुलोऱ्याला बुरशी लागली, उरलेला विल्मारने नेला. त्या वर्षी दोन्याने कलमं घेतली नाहीत. विचारलं तर म्हणाली, कंबर दुखते.